कामगार म्हणून आले, सर्ब म्हणून परतले

माझ्याकडे सर्बियात एकेकाळी चाललेली एक नोट आहे, जुनी नाणी-नोटा विकणाऱ्याकडून हौसेने घेतलेली. पाचाच्या पुढे अकरा शून्यं. पाचशे अब्ज दिनार, म्हणजे आपल्या हिशेबात ५० हजार कोटी. नोटेवरचा दाढीवाला गृहस्थ म्हणजे योवान योवानोविच झ्माय. पेशाने डॉक्टर, पण सर्बियात ओळख मुलांचा कवी म्हणून. ही नोट डिसेंबर १९९३ मध्ये निघाली. १ जानेवारी १९९४ ला सरकारने चलनातली नऊ शून्यं खोडली आणि ५० हजार कोटींचे रातोरात पाचशे झाले. त्या पाचशेचंही काही खरं नव्हतं. त्या जानेवारीत महागाईचा दर एका महिन्यात ३१ कोटी ३० लाख टक्के होता. एवढे टक्के डोक्यात शिरत नाहीत, म्हणून असं समजा: एक तारखेला दहा रुपयांना मिळणारा पाव महिनाअखेरीला ३ कोटी १३ लाख रुपयांना. दर चौतीसएक तासांनी भाव दुप्पट.

आता दुसरी गोष्ट. ही नोट निघाली त्याच महिन्यात, १९ डिसेंबर १९९३ ला, सर्बियात निवडणूक झाली. सत्तेत होता सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांचा समाजवादी पक्ष. वर्षभरापूर्वी त्याला २५० पैकी १०१ जागा होत्या. कांद्याने सरकारं पाडल्याचे किस्से ऐकत मोठे झालेले आपण म्हणू, आता हे भुईसपाट झाले असणार. त्यांना १२३ जागा मिळाल्या.

एवढ्या हालांत लोक हाल करणाऱ्यालाच मत का देतात? उत्तर हवं असेल तर दहा-बारा वर्षं मागे जावं लागतं.

अलिप्ततावादी चळवळीच्या जुन्या फोटोंत नेहरू आणि नासर यांच्याशेजारी दिसणारे टिटो मे १९८० मध्ये वारले. सर्बिया तेव्हा त्यांच्या युगोस्लाव्हियातल्या सहा प्रजासत्ताकांपैकी एक होतं. सत्तरच्या दशकात तिथला मध्यमवर्ग मजेत होता. गाडी, सुट्टीला समुद्रकिनारा, सीमेपलीकडे इटलीत ट्रिएस्टला जाऊन जीन्सची खरेदी. पण ही चैन बरीचशी उधारीवरची होती, आणि टिटो गेले तेव्हा डोक्यावर सुमारे २० अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज होतं. त्याच सुमारास जगभर व्याजदर चढले, तेल महागलं आणि हप्ते अंगावर आले. कॉफी, खाद्यतेल, कपडे धुण्याची पावडर दुकानांतून गायब व्हायला लागली. पेट्रोल कूपनवर. गाडीचा नंबर सम की विषम यावर ती कुठल्या दिवशी रस्त्यावर आणायची ते ठरायचं (दिल्लीवाल्यांना हे नवं नाही, फक्त तिथे कारण धुराचं होतं). वीज जायची. पगाराचा आकडा दरवर्षी फुगत होता आणि पिशवी हलकी होत होती. १९८९ मध्ये महागाई हजार टक्क्यांच्या वर गेली.

अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न असतो: माझा पगार पुरत का नाही?

खरं उत्तर लांबलचक आणि रटाळ होतं. कर्जाऊ डॉलर चुकीच्या कारखान्यांत घातले, तोट्यातले कारखाने बंद करायची हिंमत कुणात नव्हती, ते चालू ठेवायला नोटा छापल्या, वर डॉलरवरचं व्याज वाढलं. या उत्तरात कुणाचा चेहरा नाही. शिव्या घालायच्या तर कुणाला? व्याजदराला?

दुसरं उत्तर एका ओळीत बसायचं: ‘त्यांनी’ खाल्ले. आणि हे ‘ते’ कोण, याची प्रत्येकाची वही वेगळी. उत्तरेचं स्लोव्हेनिया सगळ्यांत श्रीमंत. तिथले लोक म्हणायचे, आम्ही कमावतो आणि दक्षिणेकडचे खातात. क्रोएशियात म्हणायचे, पर्यटनाचे डॉलर आम्ही आणतो आणि ते बेलग्रेडला जातात. बेलग्रेडमध्ये, म्हणजे सर्बियाच्या आणि सगळ्या देशाच्याही राजधानीत, ऐकू यायचं की सर्बांना मुद्दाम दुबळं ठेवलंय, आमचे कारखाने दुसरीकडे नेले, आमच्याच कोसोवो प्रांतात अल्बेनियन लोक आम्हाला हाकलतायत. वाटण्यांवरून भांडणाऱ्या भावांसारखं होतं हे. प्रत्येकाच्या वहीत देणं कमी आणि येणं जास्त, आणि सगळ्यांच्या वह्या खऱ्या धरल्या तर बेरीज कधीच जुळत नाही.

यात टोचणारी बाब अशी की ज्या कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांकडे बोट दाखवलं जात होतं तो प्रांत सगळ्या देशात दरिद्री होता. स्लोव्हेनियाचं दरडोई उत्पन्न त्याच्या सात-आठ पट. सर्बियातल्या कामगाराचा पगार खायची ऐपत त्या बिचाऱ्यांत नव्हती. पण ते दिसत होते, जवळ होते आणि भाषा वेगळी बोलत होते. तेवढं पुरलं.

मिलोशेविच तोवर बँकेतून पक्षात आलेला एक नीरस कारभारी होता. एप्रिल १९८७ मध्ये तो कोसोवोत गेला. पोलिसांचा मार खाल्लेल्या सर्बांच्या जमावाला ‘तुम्हाला मारायची कुणाची छाती नाही’ अशा अर्थाचं वाक्य बोलला, ते टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवलं गेलं आणि त्याला आपला सूर सापडला. दोन वर्षांनी, २८ जून १९८९ ला, कोसोवोच्या लढाईला ६०० वर्षं झाली म्हणून गाझिमेस्तानच्या माळावर लाखोंचा मेळावा भरला. ती लढाई १३८९ ची, ऑटोमन तुर्कांशी झालेली. १९८९ च्या पगाराशी तिचा संबंध काय, असं त्या गर्दीत कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

या दोन प्रसंगांबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला त्यांच्या मधला, कमी गाजलेला एक प्रसंग जास्त बोलका वाटतो. ऑक्टोबर १९८८. बेलग्रेडजवळच्या राकोवित्सा या कारखान्यांच्या उपनगरातून हजारो कामगार चालत संसदेसमोर आले. इंजिनं, ट्रॅक्टर बनवणारे लोक. तक्रार साधी होती, पगारात भागत नाही. मिलोशेविच बाहेर आला, बोलला आणि शेवटी म्हणाला, आता सगळे आपापल्या कामाला लागा. लोक टाळ्या वाजवत परत गेले. पगारवाढीचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल सर्बियात एक वाक्य अजून सांगितलं जातं: कामगार म्हणून आले, सर्ब म्हणून परतले.

मला वाटतं, सगळी गोम या वाक्यात आहे. गरिबीतून राष्ट्रवाद आपोआप उगवत नाही. गरिबीतून येते ती तक्रार, आणि तक्रार सरकारच्या दाराशी जाते. ती दारातून आत न येता वळून शेजाऱ्याच्या दारावर जायला हवी असेल तर मध्ये कुणीतरी उभं राहून वाट दाखवावी लागते. कामगाराची मागणी पुरी करायला पैसे लागतात. सर्बाचा मान राखायला एक भाषण पुरतं. रिकाम्या तिजोरीच्या सरकारला कुठला सौदा परवडणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

त्याच काळात खऱ्या आशेचा एक प्रयोगही झाला, हे सहसा कुणी सांगत नाही. १९८९ मध्ये आन्ते मार्कोविच युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान झाले. जानेवारी १९९० मध्ये त्यांनी दिनारची किंमत जर्मन मार्काला बांधली, सात दिनारला एक मार्क, पगार गोठवले, आणि काही महिन्यांत महागाई जवळजवळ थांबली. लोकांना हा माणूस आवडत होता. पण त्याच्याकडे सांगायला होतं काय? पोटाला चिमटा काढा, दोन-चार वर्षांत बरे दिवस येतील. शत्रू नाही, सहाशे वर्षं नाहीत, गाणी नाहीत. प्रजासत्ताकांच्या निवडणुकांत त्याच्या पक्षाचं पानिपत झालं. आणि डिसेंबर १९९० मध्ये, सर्बियातल्या मतदानाच्या सुमारास, तिथल्या सरकारने केंद्राला न विचारता सुमारे १८ अब्ज दिनार परस्पर निर्माण करून घेतले. त्यातून पगार आणि पेन्शन भागली. मिलोशेविचच्या पक्षाला २५० पैकी १९४ जागा मिळाल्या. मार्कोविच यांची योजना तिथेच बुडाली.

पुढच्याच वर्षी देश फुटला आणि युद्ध सुरू झालं, आधी स्लोव्हेनिया-क्रोएशियात, मग बोस्नियात. मे १९९२ अखेर संयुक्त राष्ट्रांनी सर्बिया आणि माँटेनेग्रोवर, म्हणजे उरलेल्या युगोस्लाव्हियावर, निर्बंध घातले. लोकांची परदेशी चलनातली बचत, जर्मनीत राबणाऱ्या भावाने, मुलाने पाठवलेले मार्क, सरकारी बँकांत आधीच अडकून पडली होती. पासबुकावर आकडा दिसायचा, हातात मिळायचा नाही.

अशा वेळी कुणी म्हणालं, माझ्याकडे मार्क ठेवा, महिन्याला दहा ते पंधरा टक्के देतो, तर?

दाफिना मिलानोविच या बाईंची दाफिमेंट बँक आणि येझ्दिमिर वासिलयेविच यांची युगोस्कांदिक हेच म्हणत होत्या. महिन्याला, वर्षाला नव्हे. पंधरा टक्के चक्रवाढीने शंभराचे वर्षात पाचशे पस्तीस होतात. जगात असा कुठला धंदा आहे, हे विचारायला हवं होतं, हे खरं. पण आधी ही बँक इतके महिने चालली कशी ते कागद-पेन घेऊन बघा. हजार लोकांनी शंभर-शंभर मार्क ठेवले, जमले एक लाख. महिन्याचं व्याज पंधरा हजार. मुद्दल कुणी मागितलं नाही, तर नवा एकही गिऱ्हाईक न येता हे व्याज सहा महिने ठेवीदारांच्याच पैशातून सहज देता येतं. आणि या सहा महिन्यांत हजार माणसं गल्लीत सांगत फिरतात, ‘अहो, खरंच देतात! मला मिळाले!’ ती खोटं बोलत नसतात. म्हणूनच तर अशा योजनांची जाहिरात करावी लागत नाही, प्रामाणिक माणसंच ती फुकटात करतात. आपल्याकडेही गुंतवणूक दुप्पट करून देणाऱ्यांच्या पहिल्या सभेत बोलायला उभा राहतो तो गावातला सगळ्यांत सरळ माणूस.

लोक हावरट होते, असं म्हणून हा विषय झटकता येतो. मला ते पटत नाही. डॅनियल कानेमान आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दोन पर्याय दिले: ३,००० चं नक्की नुकसान, किंवा ८० टक्के शक्यता ४,००० जाण्याची आणि २० टक्के काहीच न जाण्याची. हिशेबाने पाहिलं तर दुसरा पर्याय जास्त तोट्याचा. तरी ९२ टक्के लोकांनी तोच घेतला. फायद्याच्या वेळी जपून वागणारा माणूस नुकसान समोर दिसलं की जुगार खेळतो. बेलग्रेडच्या पेन्शनरासमोर नक्की नुकसान उभं होतं: दिनार ठेवले तर आठवड्यात कागद, सरकारी बँक कुलूपबंद. दाफिमेंटच्या रांगेत उभं राहणं हा त्याच्यापुरता तरी बुडत्याचा काडीचा आधार होता. कित्येकांचा महिना त्या व्याजावरच चालायचा.

आता झेंडा आणि खोटी आशा एका चौकटीत दाखवणारं दृश्य. १ सप्टेंबर १९९२, माँटेनेग्रोच्या किनाऱ्यावरचं स्वेती स्तेफान. वीस वर्षं अज्ञातवासात असलेला अमेरिकी बुद्धिबळपटू बॉबी फिशर पुन्हा पटावर बसणार होता, समोर तोच जुना बोरिस स्पास्की, ज्याला हरवून तो जगज्जेता झाला होता. बक्षीस ५० लाख डॉलर. देणारा कोण? युगोस्कांदिकचा वासिलयेविच. निर्बंध असताना तिथे खेळू नकोस, अशी ताकीद अमेरिकी सरकारने फिशरला पत्राने दिली होती. पत्रकार परिषदेत त्याने ते पत्र हातात धरलं आणि त्यावर थुंकला. सभागृहात टाळ्या.

टाळ्या वाजवणाऱ्या देशाच्या मनात काय असेल, याचा विचार मी बरेचदा करतो. सगळं जग आपल्याला वाळीत टाकतंय आणि जगातला सगळ्यांत हुशार बुद्धिबळपटू आपल्या भूमीवर येऊन अमेरिकेच्या हुकमावर थुंकतोय. खाजगी बँकवाला आता नुसता व्याज देणारा शेठ राहिला नाही, देशाची शान राखणारा झाला. दाफिनाबाईंना तर लोक ‘सर्बांची आई’ म्हणायचे. अशा माणसाकडून मुद्दल परत मागणं म्हणजे जवळजवळ देशद्रोह. हे ५० लाख डॉलर आले कुठून, याचं उत्तर ठेवीदारांना सहा महिन्यांनी कळलं. मार्च १९९३ मध्ये वासिलयेविच देश सोडून इस्रायलला गेला आणि युगोस्कांदिक कोसळली. पाठोपाठ दाफिमेंटही.

सरकारने हे चालू का दिलं? त्याला मार्क हवे होते. निर्बंधांत तेल आणायचं तर चोरट्या वाटेने आणि रोख मार्क मोजून. मार्क होते लोकांच्या गाद्यांखाली. ते बाहेर काढायचे दोन रस्ते होते. पहिला या बँकांचा. दुसरा नोटांच्या छापखान्याचा: दिनार छापायचे, दलालांच्या हाती द्यायचे, त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर उभं राहून ‘देविझे, देविझे’ म्हणजे परकीय चलन, परकीय चलन असं पुटपुटत लोकांचे मार्क विकत घ्यायचे. लोकांच्या हातात आलेला दिनार दोन दिवसांत अर्धा. महागाई म्हणजे ज्याचा कायदा करावा लागत नाही असा कर, हे पुस्तकी वाक्य इथे अक्षरशः रस्त्यावर उभं होतं. भाव सरकारने बांधून दिले की दुकानं रिकामी, भाव सोडले की पाव हाताबाहेर. पेट्रोल रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून. लोकही हुशार झाले, चेकने पैसे द्यायचे, तो वटेपर्यंत देणं शून्याच्या घरात. जो तो दुसऱ्याच्या खिशात तोटा सरकवत होता.

म्हणजे आपण पुन्हा डिसेंबर १९९३ च्या निवडणुकीशी आलो. इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर मीही सोपी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. मिलोशेविचच्या पक्षाच्या वाढलेल्या जागा बऱ्याचशा त्याच्याहून कडव्या राष्ट्रवादी रॅडिकल पक्षाकडून आल्या. रॅडिकल ७३ वरून ३९ वर घसरले. दोघांची बेरीज केली तर ती थोडी कमीच झाली. टीव्ही सरकारच्या मुठीत होता. विरोधक आपसांत भांडत होते. विरोधात मत देतील असे हजारो शिकलेले तरुण देश सोडून गेले होते. सैन्यभरती चुकवणारे बेलग्रेडमध्ये मित्रांच्या घरी लपत होते. म्हणजे अख्खा देश झेंड्याने झपाटला होता, असं नाही. पण सरकारला सगळ्यांना झपाटायची गरजही नव्हती. आपल्या हालांना निर्बंध जबाबदार, म्हणजे बाहेरचे जबाबदार, एवढं पुरेशा लोकांनी मानलं की काम होत होतं. शिवाय ज्यांनी मुलगा आघाडीवर पाठवला होता त्यांना हे सगळं फुकट होतं असं कबूल करणं, दाफिमेंटच्या ठेवीदाराने आपण फसलो असं कबूल करण्यापेक्षा किती अवघड असेल! बोस्नियाच्या त्या युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली. शेजाऱ्याच्या वहीत तोही आकडा लिहिला गेलाय.

हाल झाले म्हणजे झेंडा येणारच, असंही नाही. १९३२ च्या महामंदीत जर्मनीत नाझींना ३७ टक्के मतं पडली आणि त्याच वर्षी तितक्याच मंदीत असलेल्या अमेरिकेने रूझवेल्टना निवडलं. जर्मनीतही बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींची भरती झाली ती अजून न बुडालेल्या पण बुडायच्या भीतीत असलेल्या छोट्या दुकानदार-शेतकऱ्यांतून. आणखी जवळचा पुरावा अल्बेनियाचा. तिथे १९९७ मध्ये अशाच साखळी योजना बुडाल्या, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास पैसा त्यांत अडकला होता. शेजाऱ्याकडे बोट दाखवायची सोय तिथे नव्हती. लोक थेट सरकारवर गेले, शस्त्रागारं लुटली, सुमारे दोन हजार माणसं मेली, काही महिन्यांत सत्ता गेली. सर्बियात दाफिमेंट बुडाली तेव्हा रांगा लागल्या, रडारड झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्या १२३ जागा आल्या.

महागाई कशी थांबली, ते थोडक्यात सांगता येतं. द्रागोस्लाव अव्रामोविच, जागतिक बँकेतून निवृत्त झालेले चौऱ्याहत्तर वर्षांचे अर्थतज्ज्ञ. त्यांच्या योजनेने २४ जानेवारी १९९४ ला एका मार्काला एक असा नवा दिनार आला, छापखान्याला लगाम बसला, आणि भाव जवळपास लगेच जागेवर आले. म्हणजे लगाम आधीही घालता आला असता. निर्बंध तर तसेच होते. अव्रामोविचना १९९६ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरपदावरून दूर केलं. मिलोशेविच राहिला.

तो गेला २००० साली. २४ सप्टेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत वोयिस्लाव कोश्तुनित्सा पुढे होते आणि सरकार निकाल मान्य करेना. हे कोश्तुनित्साही राष्ट्रवादीच होते, फक्त खिशाने स्वच्छ. तेव्हा बेलग्रेडच्या दक्षिणेला कोलुबारा खाणीतल्या कामगारांनी काम बंद केलं. सर्बियाची निम्मी वीज या खाणीच्या कोळशावर. समजूत घालायला सेनाप्रमुख स्वतः खाणीवर आले, पोलीस आले, कामगार हलले नाहीत. बारा वर्षांपूर्वी राकोवित्साचे लोक पगार मागायला गेले होते. या वेळी खाणकामगारांनी पगाराचं नावही काढलं नाही. मागणी एकच होती: आमची मतं नीट मोजा.